रिमोटने ‘बंद’ केलेले होम थिएटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला कोकणात निघालेली मुंबई-ठाण्याची कुटुंबे गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, हे दोनदा तपासतात. दिवाणखान्यातले होम थिएटर मात्र रिमोटने ‘बंद’ करून, म्हणजे प्रत्यक्षात स्टँडबायवर ठेवून, घराला कुलूप लावतात. त्या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या भागात तेव्हाही २३० व्होल्टचा दाब आलेला असतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

नवे, चांगल्या बनावटीचे यंत्र स्टँडबायवर पेट घेण्याची शक्यता फार कमी, हे आधीच सांगायला हवे. काळजी आहे ती जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची आणि त्याहून अधिक सबवूफरची (खर्जातला, घुमणारा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची), कारण आवाजाचा संकेत मिळताच आपोआप सुरू होता यावे म्हणून त्याचा काही भाग चोवीस तास तापलेला राहतो. अशा यंत्रांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. जुना सबवूफर उघडला की बरेचदा कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले दिसतात आणि ते हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळसर गोंद उष्णतेने काळपट पडलेला असतो. काही प्रकारचा गोंद असा करपला की त्यातून वीज वाहू लागते. त्यातच आधीच्या कारागिराने उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असली (आणि हे सर्रास आढळते), तर यंत्राच्या आतले संरक्षण संपलेच म्हणायचे.

‘एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी खटक्याची कळ) आहे, ती पडेल’ हे उत्तर ठरलेले असते. परंतु सहा अँपिअरची एमसीबी सुमारे १,३८० वॉटचा भार निमूटपणे वाहून नेते. एखादा सुटा भाग पन्नास वॉटने तापून बंद कपाटात धुमसत राहिला, तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. इमारतीच्या थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) तुटला, तर घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. अशा वेळी स्टँडबायवरचे यंत्र आयतेच सापडते.

उपाय साधा आहे: निघताना भिंतीवरचे बटण बंद करणे. परदेशात अनेक ठिकाणी सॉकेटला असे बटण नसते. आपल्याकडे ते असते, पण हल्ली आपण ते प्लायवूडच्या टीव्ही युनिटमागे गाडून टाकतो. ते हात पोहोचेल अशा ठिकाणी बाहेर काढण्याचा आग्रह घरमालकांनी सुताराकडे आणि इलेक्ट्रिशियनकडे काम सुरू होण्यापूर्वीच धरावा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार उंच इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. ती तपासणी आग विझवण्याच्या यंत्रणेची असते, सभासदाच्या टीव्ही युनिटची नव्हे. तेव्हा त्याच सुमारास सोसायट्यांनी सूचनाफलकावर दोन ओळी यासाठीही लिहाव्यात.

ज्यांना तयार युनिट फोडणे शक्य नाही, त्यांनी निदान सबवूफरची पिन काढून ठेवावी. बातम्या ऐकायला त्याची गरज लागत नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली