नळीतले रसायन समजावून सांगणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

लातूरच्या रुग्णालयात आमच्या मुलाची जी शुश्रूषा तुम्ही केलीत, तिचे आभार आम्ही निघताना मानलेच होते. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. केज, अंबाजोगाई, परळीकडच्या ज्या आईवडिलांची कमी दिवसांची लेकरे आज काचेच्या पेटीत आहेत, त्यांच्याही ते वाचनात यावे, म्हणून उघडपणे लिहीत आहे.

सव्वा किलोच्या त्या जिवाला श्वासासाठी नळी, दुधासाठी नाकातून पोटात गेलेली नळी, शिरेतून सलाइन आणि स्निग्ध पोषणद्रव्य असे सगळेच लागत होते; एकदा रक्तही द्यावे लागले. दुधाची नळी बदलताना तुम्ही काढलेली नळी आणि पाकिटातली नवी नळी मला शेजारी शेजारी धरून दाखवलीत. नवी नळी बोटाभोवती सहज वळत होती, आणि काही दिवस पोटात राहिलेली मात्र उन्हात पडलेल्या ठिबकच्या नळीसारखी ताठ झाली होती. "हिचा मऊपणा कुठे गेला असेल, सांगा," असे तुम्ही विचारलेत आणि उत्तरही तुम्हीच दिलेत.

ही नळी ज्या पीव्हीसी प्लास्टिकची असते, ते मुळात कडक असते. त्याला लवचिक करण्यासाठी डीईएचपी नावाचे थॅलेट गटातले रसायन मिसळतात, आणि वैद्यकीय साहित्यात त्याचे प्रमाण वजनाच्या 20 ते 40 टक्के, काही नळ्यांत त्याहूनही जास्त असू शकते. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडते. स्निग्ध पदार्थात ते चांगले विरघळते, म्हणून साध्या सलाइनपेक्षा शिरेतून दिले जाणारे स्निग्ध द्रव्य, रक्त आणि दूध यांच्यात ते अधिक उतरते, आणि ऊब व संपर्काचा काळ वाढला की हे प्रमाणही वाढते. मोठ्या माणसाच्या शरीरात जी मात्रा विखुरली जाते, तीच किलो-सव्वा किलोच्या शरीरात गेली तर वजनाच्या हिशेबाने कितीतरी पटींनी जास्त ठरते, आणि एकाच बाळाला अनेक नळ्या असतील तर ती बेरीज होत जाते. हे सगळे तुम्ही रात्रपाळीच्या धावपळीत, हातचे काही न राखता मला सांगितलेत.

पुढे मी स्वतः वाचून पाहिले. प्राण्यांवरील प्रयोगांत या रसायनाने नराच्या वृषणांच्या वाढीवर परिणाम झाल्याचे दिसले होते. म्हणून 2002 मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलगा असलेल्या नवजातांसाठी शक्य तिथे पर्यायी साहित्य वापरावे असे सुचवले, आणि 2006 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने अशा अतिदक्षता उपचारांतील मुलग्यांबाबत आपल्या मोजपट्टीतली सर्वांत वरची, म्हणजे 'गंभीर चिंता' ही पायरी नोंदवली. फ्रान्सने तर 2015 पासून बालरोग, नवजात आणि प्रसूती विभागांत डीईएचपीयुक्त नळ्यांना मनाईच केली. हे एकट्याने वाचले असते तर माझ्या पायांखालची जमीनच सरकली असती. पण त्याआधीच तुम्ही मला ठामपणे सांगून ठेवले होते की नळी काढून टाकण्याचा धोका नळीतल्या रसायनाहून फार मोठा आहे, आणि उपचार थांबवा असे कोणी म्हणत नाही. रक्ताच्या पिशवीतले हेच रसायन तांबड्या पेशी टिकवायला मदत करते, त्यामुळे तिथे बदल करणे इतके सोपे नाही, हेही तुम्ही लपवले नाहीत. भीती आणि माहिती यांतला हा तोल मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर तुम्ही केले ते असे: डॉक्टरांशी बोलून दुधाची पुढची नळी पॉलियुरेथेनची, म्हणजे डीईएचपी न मिसळताही मऊ राहणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकची मागवलीत. चिठ्ठीवर नळीच्या मापाच्या क्रमांकाशेजारी 'पीव्हीसी नको' असे ठळक अक्षरांत लिहिलेत, आणि पाकिटावर 'डीईएचपी-मुक्त' असे छापलेले आहे का, हे पाहूनच आणायला मला बजावलेत. आईच्या छातीशी धरण्याची आणि वाटी-चमच्याने दूध पाजण्याची सुरुवात डॉक्टरांनी होकार देताच केलीत, कारण गरज संपलेली प्रत्येक नळी त्याच दिवशी निघाली पाहिजे असा तुमचा आग्रह होता. शेजारच्या पेटीतल्या बाळाचे आईवडील ऊसतोडीच्या फडावरून थेट आले होते. त्यांनाही तुम्ही हे सारे तितक्याच सविस्तर, त्यांच्या बोलीत समजावलेत, हे मी पाहिले आहे, आणि माझ्या मनात तुमच्याविषयी सर्वांत जास्त आदर त्यामुळेच आहे.

तुमच्या चिठ्ठीची प्रत मी तालुक्याच्या ठिकाणच्या दोन मेडिकलवाल्यांना दिली आहे. त्यांतल्या एकाने पॉलियुरेथेनच्या लहान क्रमांकाच्या नळ्या दुकानात ठेवायचे कबूल केले आहे, त्यामुळे निदान या भागातल्या नातेवाइकांना त्यासाठी लातूरपर्यंत धावावे लागणार नाही.

बाळाचे वजन चांगले वाढते आहे. त्याच्या कानांच्या तपासणीसाठी पुढच्या महिन्यात लातूरला यायचे आहे. तेव्हा तुमची ड्यूटी कोणत्या पाळीत असेल ते कळवावे, कारण त्याच्या आईला तुम्हाला स्वतः भेटायचे आहे.

आपला कृतज्ञ,
बाळाचा वडील
तालुका केज, जिल्हा बीड