बजींच्या पहिल्या प्रदर्शन-वर्षासाठी, आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी पक्षी-क्लबचं सभासदत्व घेतलं आणि येत्या वर्षी प्रदर्शनात बजी, म्हणजे बजरीगार जातीचे छोटे पोपट, मांडायचं ठरवलं, याचा मला फार आनंद झालाय. फोनवर अर्धं राहून जातं आणि बाबांना लेखी लागतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. हे पत्र पक्ष्यांच्या खोलीतच ठेवा.

आधी संख्येबद्दल, कारण माझा आग्रह तिथेच आहे. पहिल्या वर्षी चार जोड्या पुरे. एका जोडीला एका खेपेला चार ते सहा अंडी होतात. चार जोड्यांच्या दोन खेपा धरल्या तरी तीसेक पिल्लं सहज होतील. त्यांची स्वच्छता, उडायला जागा आणि प्रत्येकाला प्रदर्शनाच्या पिंजऱ्याची सवय, हे दोघांना झेपायला हवं. परीक्षकासमोर पक्षी काही मिनिटं असतो, पण त्याचा निकाल जोडी लावताना आणि नंतर रोजच्या हाताळणीत लागलेला असतो. वीस पक्ष्यांना ओझरता हात लावण्यापेक्षा सहा पक्ष्यांना रोज वेळ दिलेला बरा.

आता जोड्या. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात रानात राहणारा बजी साधारण १८ सेंटीमीटरचा असतो. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून प्रदर्शनाचा पक्षी घडला, आणि त्याची आदर्श लांबी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत २१६ मिलिमीटर धरतात. हा मोठेपणा बराचसा पिसांचा आहे, आणि त्याची किंमत प्रजननात मोजावी लागते. लांब, सैल, भरगच्च पिसांच्या पक्ष्याला बफ म्हणतात. दोन बफ एकत्र आणले की पहिल्या पिढीत डोकी भारदस्त दिसतात, म्हणून मोह होतो. पण बफवर बफ चालू ठेवला तर पीस कातडीतच अडकून गाठी होऊ लागतात आणि अंडी रिकामी निघतात. म्हणून बफला आखूड, घट्ट पिसांचा जोडीदार द्या. दुसरा नियम असा की एकच दोष दोघांत नसावा. नराचे गळ्यावरचे ठिपके बारीक असतील तर मादी मोठ्या, गोल ठिपक्यांचीच घ्या. दोघांचं कपाळ चपटं असेल तर ती जोडी लावूच नका, बाकी कितीही देखणी असो.

बाबा, वही तुमच्याकडे. प्रत्येक पक्ष्याला एक पान, त्यावर रिंग (पायातल्या कड्याचा) क्रमांक, आईवडील, आजीआजोबा, रंग आणि दोष. दोषांचा रकाना रिकामा ठेवू नका. आणि तुम्हाला आवडेल असं एक गणित सांगते. सिनॅमन, ओपलाइन आणि ल्युटिनो हे पिसांच्या रंगाचे गुण लिंगाशी जोडलेले असतात. सिनॅमन नर आणि साधी मादी अशी जोडी लावली तर सगळ्या मुली सिनॅमन होतात. मुलगे दिसायला साधे, पण पोटात सिनॅमन घेऊन फिरणारे, ज्यांना स्प्लिट म्हणतात. अंड्यातून आल्यावर पहिल्या काही दिवसांत सिनॅमन पिल्लाचा डोळा मिटल्या पापणीखाली लालसर-जांभळा दिसतो, साध्याचा काळा. म्हणजे या जोडीत नर-मादी घरट्यातच कळतात. त्याच दिवशी नोंद करा, नंतर तो रंग गडद होतो.

वेळ कधी धरायची? तुमच्या क्लबच्या नव्या रिंगा ज्या तारखेपासून वापरता येतात, तिथून मागे मोजा. घरट्याची पेटी लावल्यापासून पहिलं अंडं साधारण १० दिवसांनी येतं, ते १८ दिवसांनी फुटतं आणि रिंग पाचव्या ते आठव्या दिवशी घालतात. म्हणून त्या तारखेच्या पाच आठवडे आधी जोड्या लावा. पिल्लू लवकर आलं तर नवी रिंग वापरता येत नाही. नवी रिंग यायची वाट पाहिली तर दहाव्या दिवसानंतर पाय तिच्यात मावत नाही, आणि वर्षाची बंद (जोड नसलेली) रिंग नसलेला पक्षी त्या वर्षाच्या पिल्लांच्या वर्गात बसत नाही. उशिरा आलेलं पिल्लू पिसं पूर्ण व्हायच्या आत हंगामाला सामोरं जातं. जोडी लावताना दोघंही निदान १० ते ११ महिन्यांचे आणि तेजीत हवेत. नराची चोचीवरची सिअर (नाकपुड्यांभोवतीची कातडी) गडद निळी, मादीची तपकिरी. ल्युटिनो (पिवळ्या), अल्बिनो (पांढऱ्या) आणि रिसेसिव्ह पाइड (चट्ट्यांच्या) नरांत ती गुलाबी-जांभळीच राहते, तिथे निळ्याची वाट पाहू नका.

पेटीत घालण्याआधी दोघांच्या गुदद्वाराभोवतीची लांब पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापा. बफ पक्ष्यांत अंडी रिकामी निघण्याचं हे अगदी साधं कारण असतं आणि तेच दुर्लक्षित राहतं. दुसरं कारण हलणारी दांडी. दांडी डुगडुगली की नराचा तोल जातो. पेटीचा तळ मध्ये खोलगट हवा आणि त्यावर लाकडाच्या स्वच्छ भुशाचा थर. तळ सपाट किंवा गुळगुळीत असला तर पिल्लांचे पाय फाकतात. सातव्या दिवशी अंड्यामागे छोटी बॅटरी धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलेलं आहे, स्वच्छ पिवळट दिसलं तर रिकामं. रिकामी अंडी लगेच काढू नका, पहिल्या पिल्लांना त्यांचा आधार होतो. अंडी एक दिवसाआड येतात, म्हणून पिल्लंही एक दिवसाआड फुटतात आणि पाचवं पिल्लू पहिल्यापेक्षा आठवडाभर लहान असतं. ते चेपतंय असं वाटलं तर बरोबरीच्या वयाची पिल्लं असलेल्या दुसऱ्या पेटीत हलवा. कुठून कुठे गेलं ते त्याच क्षणी वहीत लिहा.

रिंग घालणं आईने करावं असं मला वाटतं. आई, तुझे हात स्थिर आहेत. बजीची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. पुढची दोन आणि मागचं लांब बोट एकत्र धरून त्यांच्यावरून रिंग सरकव, तळव्याच्या फुगीर भागावरून वर घे आणि पायाला समांतर दबलेलं मागचं छोटं बोट काडीपेटीच्या टोकदार काडीने हळूच बाहेर काढ. अडलं तर थोडं व्हॅसलिन लाव, जोर लावू नकोस. दुसऱ्या दिवशी बघ. पिल्लू फार लहान असेल तर रिंग गळून भुशात पडलेली सापडेल. चकाकती रिंग घाण समजून काही माद्या ती टोचून काढायला जातात, म्हणून संध्याकाळी मादी परत बसेपर्यंत लक्ष ठेव.

पिल्लं साधारण पाचव्या आठवड्यात पेटीबाहेर येतात. आठवडाभर बाप भरवतो, मग ती स्वतः खाऊ लागली की वेगळी करा. भांड्यात टरफलं साचली की भांडं भरलेलं दिसतं आणि पिल्लं उपाशी राहतात. रोज सकाळी वरची टरफलं फुंकून टाका, पण फुंकणं खोलीबाहेर. खाण्यात कॅनरी सीड आणि राळ्यासारखी बारीक बियाणी, थोडे सोललेले ओट, समुद्रफेस आणि ग्रिट (बारीक खडे). जास्त ओट दिले तर पक्षी लठ्ठ होतो आणि दांडीवर ओझ्यासारखा बसतो. जोडीला दोनपेक्षा जास्त खेपा घेऊ देऊ नका. तिसरी खेप मादीचं पुढचं वर्ष खाते.

तीन महिन्यांच्या सुमारास पहिली पिसं झडू लागतात आणि कपाळावरच्या आडव्या रेघा मागे सरतात. त्या आधी मोहक दिसलेलं पिल्लू नंतर सामान्य निघू शकतं आणि उलटही होतं. म्हणून निवड दोनदा करा, एकदा पेटीतून निघताना आणि एकदा पिसं पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात देऊन टाकण्याची घाई नको.

तयारीला प्रदर्शनाआधी आठ आठवडे लागतात, कारण मोडलेलं शेपटीचं पीस उपटल्यावर नवं पूर्ण वाढायला साधारण दीड ते दोन महिने जातात. मानकाप्रमाणे, म्हणजे आदर्श पक्ष्याच्या ठरवलेल्या वर्णनाप्रमाणे, शेपटीला दोन लांब पिसं हवीत, पंखात सात पूर्ण उड्डाणपिसं दिसायला हवीत आणि पंखांची टोकं एकमेकांवर जाता कामा नयेत. निवडलेले पक्षी नर-मादी वेगळे ठेवा, नाहीतर एकमेकांची पिसं ओढतात आणि मादी घरटं शोधायला लागते. रोज सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा मारा, म्हणजे पक्षी स्वतः पिसं साफ करतो. प्रदर्शनाआधी दोन-तीन दिवस फवारा थांबवा, पिसांवरची तकाकी परत यायला तेवढा वेळ लागतो. डोकं किंवा शेपटी डागाळली असेल तर आठवडाभर आधी बेबी शाम्पूने तेवढाच भाग धुवा आणि पक्षी उबेत वाळवा.

ठिपके हे आईचं दुसरं काम. गळ्यावर समान अंतराने सहा मोठे गोल ठिपके दिसायला हवेत, बाहेरचे दोन गालाच्या पट्ट्यांखाली अर्धे झाकलेले. त्यांच्या आसपासचे जास्तीचे ठिपके चिमट्याने काढायचे असतात. पक्षी डाव्या हातात, मान किंचित ताणलेली, समोरून उजेड. आधी कुठले ठेवायचे ते नीट पाहून ठरव, मगच चिमटा हातात घे. एका वेळी एकच पीस, मुळाशी धरून, वाढीच्या दिशेने. चुकून मुख्य ठिपका निघाला तर तो परत यायला महिना-दीड महिना लागतो, तो पक्षी त्या प्रदर्शनातून बाद. म्हणून आधी घरीच ठेवायच्या पक्ष्यांवर हात बसव. ल्युटिनो-अल्बिनोला ठिपकेच नसतात, तिथे हे काम वाचतं.

पण सगळ्यात जास्त बक्षिसं जातात ती पक्षी स्थिर न बसल्यामुळे. मानकात पक्षी दांडीवर उभ्या रेषेपासून ३० अंश झुकलेला हवा. घाबरलेला पक्षी तारांना लटकतो किंवा तळाशी पळतो, आणि परीक्षक त्याचं डोकं पाहूच शकत नाही. पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की प्रदर्शनाचा पिंजरा त्यांच्या पिंजऱ्याच्या दाराला लावून ठेवा, म्हणजे ती आपणहून आत जातील. पुढे रोज थोडा वेळ त्यात बसवा, पिंजरा उचला, दुसऱ्या टेबलावर ठेवा आणि बारीक काठीने दांडीवर यायला सुचवा. अनोळखी माणसांची ये-जा असेल तिथे ठेवणं उत्तम. बाबा, टोपी आणि चष्मा घालूनही समोर जा. काही पक्षी फक्त टोपीला बिचकतात.

प्रवेशपत्र भरताना रंगाचा वर्ग नीट बघा, चुकीच्या वर्गात मांडलेला पक्षी कितीही चांगला असला तरी बाद होतो. ऑलिव्ह आणि ग्रे-ग्रीन या दोन हिरव्या छटांत नवखे हमखास फसतात. ऑलिव्हचे गाल जांभळे आणि शेपटी गडद निळी असते, ग्रे-ग्रीनचे गाल करडे आणि शेपटी काळी. सिनॅमनच्या पंखांवरच्या खुणा तपकिरी असतात. ओपलाइनची ओळख म्हणजे पंखांच्या मधली पाठ खुणांविना मोकळी. दोन्ही एकत्र असेल तर त्याचा वर्ग वेगळा असू शकतो, प्रदर्शनाच्या वर्गांच्या यादीतलं बारीक अक्षर वाचा.

पिंजरा ठराविक मापाचाच लागतो, बाहेरून काळा आणि आतून पांढरा, कारण कोणता कुणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये. त्यामुळेच तळाला नियमात सांगितलेलंच बियाणं पसरायचं आणि वेगळी दिसणारी कुठलीही गोष्ट ठेवायची नाही. पिंजऱ्याला रंग काही आठवडे आधी द्या, ओल्या रंगाचा वास पक्ष्यांना घातक असतो. प्रवासात पाण्याचं भांडं काढून ठेवा, सांडलेल्या पाण्याने छातीची पिसं चिकटतात. बाबा, पिंजरे वाहायच्या जड पेट्या तुम्ही उचलायच्या नाहीत. क्लबचे तरुण सभासद आहेत, त्यांना सांगा. तुम्ही निकाल लिहिणाऱ्याच्या टेबलाशी बसायला मागा. परीक्षक एका पक्ष्याला दुसऱ्याच्या पुढे का ठेवतो हे तिथे जेवढं कळतं तेवढं कुठेच कळत नाही.

प्रदर्शनाहून आलेले पक्षी आणि नवे आणलेले पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, त्यांचं काम सगळ्यात शेवटी करा. खूप खाऊनही वाळत जाणारा, छातीचं हाड हाताला लागणारा, विष्ठेत अख्खे दाणे टाकणारा पक्षी दिसला तर मेगाबॅक्टेरियाची (नाव तसं असलं तरी ही जठरातली बुरशी) शंका घ्या आणि डॉक्टरकडे न्या. चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी खरखरीत पुटं दिसली तर ते माइट, त्यावर आयव्हरमेक्टिन डॉक्टरच्या मात्रेने. असे पक्षी मांडायचे नाहीत.

आणि आता तुमच्याबद्दल. पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. खोली कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि साफसफाईच्या वेळी दोघांनीही एन-९५ मास्क घाला. साफसफाईनंतर काही तासांनी कोरडा खोकला, कणकण किंवा दम लागणं असं पुन्हा पुन्हा झालं तर लगेच दाखवा. ताप आणि खोकला कधीही आला तरी घरी पक्षी आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा. सिटॅकोसिस पक्ष्यांकडून माणसाला होतो, वेळेवर कळला तर औषधाने बरा होतो, पण न सांगितल्यास न्यूमोनिया समजून दुसरेच उपचार सुरू राहतात. आई, तुला आधीच दम लागतो. पेट्या खरवडायचं काम तुझ्याकडे नको, बाबांनी किंवा मदतनीसाने करावं.

रिंगांची मागणी क्लबकडे लवकर नोंदवा, तीस पुरतील. चार जोड्यांची नावं वहीत लिहिलीत की दोष-गुणांसकट पानांचे फोटो मला पाठवा. पक्षी एकत्र सोडण्याआधी एकदा बघते.

तुमची लेक,
मनू