बंदी नेमकी कशावर घालणार?

चित्रपटांची ऑनलाइन चोरी रोखण्यासाठी संकेतस्थळांवर सरसकट बंदी घालावी, असे सुचवणारा अग्रलेख वाचला. दुखणे बरोबर ओळखले आहे, उपाय मात्र पटला नाही. टॉरेंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीत चित्रपट एका जागी ठेवलेला नसतोच. त्याचे तुकडे असंख्य लोकांच्या संगणकांवर असतात आणि डाउनलोड करणारा त्याच वेळी ते इतरांना पुरवतही असतो. ‘द पायरेट बे’ या टॉरेंट शोधून देणाऱ्या संकेतस्थळाचे सर्व्हर स्वीडिश पोलिसांनी ३१ मे २००६ रोजी छापा घालून उचलून नेले, तरी काही दिवसांतच ते संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले.

आपल्याकडे २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. (त्याचा धाक किती, हा वेगळा प्रश्न.) पण अनेक मराठी चित्रपट तालुक्याच्या गावी लागतच नाहीत आणि ओटीटीवर कधी येतील याचा पत्ता नसतो. मग तिकिटाचे पैसे मोजायला तयार असलेला प्रेक्षकही टेलिग्रामवरची लिंक उघडतो. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. निदान त्या चित्रपटांना तरी ठरावीक मुदतीत माफक दरात ऑनलाइन उपलब्ध होण्याची अट घालावी.

– एक वाचक, बार्शी