मेणबत्ती, पेला आणि एक जुने चुकीचे उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांत घरच्या घरी करण्याजोगे विज्ञानप्रयोग येतात आणि त्यांत हवेच्या दाबाचे प्रयोग हटकून असतात. त्यांचे साहित्य घरातच सापडते, निकाल पाच मिनिटांत दिसतो आणि तो इतका अनपेक्षित असतो की मुले प्रयोग पुन्हापुन्हा करून पाहतात. तेव्हा या सदरांविषयी माझी तक्रार नाही. ती नियमित यावीत असेच मला वाटते. तक्रार आहे ती कृतीनंतर ‘असे का होते?’ या मथळ्याखाली छापल्या जाणाऱ्या तीन-चार ओळींविषयी. कृती बहुधा बरोबर असते, पण तिचे स्पष्टीकरण अनेकदा अपुरे आणि एका प्रयोगाच्या बाबतीत तर सरळ चुकीचे असते. विज्ञान शिकवताना अनेक वर्षे मीही ते तसेच सांगत आलो, म्हणून हे पत्र काहीसे प्रायश्चित्तादाखल लिहिले आहे असे समजावे.

तो प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. बशीत थोडे पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि बशीतले पाणी पेल्यात चढते. स्पष्टीकरण ठरलेले असते: ज्योतीने पेल्यातील ऑक्सिजन वापरला, हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, म्हणून त्याची रिकामी झालेली जागा पाण्याने भरून काढली आणि पाणी पेल्याच्या साधारण पाचव्या भागापर्यंत चढले. हे उत्तर इतके नीटनेटके आहे की त्याविषयी शंका घ्यावीशीच वाटत नाही. मलाही वाटली नव्हती. एकदा वर्गात हा प्रयोग चालू असताना एका मुलीने विचारले, “सर, ज्योत जळत होती तेव्हा पाणी जवळजवळ चढलंच नाही, विझल्यावर भराभर चढलं. ऑक्सिजन तर आधीपासून संपत होता ना? मग पाणी कशासाठी थांबलं होतं?” त्या दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तिचे निरीक्षण बरोबर आणि माझे उत्तर चूक असल्याचे ध्यानात आले.

प्रत्यक्षात घडते ते असे. पेला खाली आणताना ज्योतीभोवतीची तापलेली, प्रसरण पावलेली हवा त्यात भरते आणि पेला टेकल्यावरही ज्योतीच्या उष्णतेने आतील हवा फुगून तिचा काही भाग कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्योत विझताच उरलेली हवा वेगाने थंड होते, आकुंचन पावते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. मग बाहेरची हवा बशीतल्या पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजनचा वाटा अगदीच नाही असे नाही, परंतु तो फार लहान आहे. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरू शकतच नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले की ज्योत विझते. शिवाय मेण जळताना वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनच्या प्रत्येक तीन भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दोन भाग तयार होतात आणि हा वायू एवढ्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. सोबत तयार होणारी पाण्याची वाफ मात्र थंड काचेवर जमून द्रवरूप होते. एवढा हिशेब मांडला तर रासायनिक क्रियेमुळे होणारी वायूची घट दोन टक्क्यांच्याही आत भरते आणि पेल्यात चढलेले पाणी त्याच्या कितीतरी पट असते.

मुलांना हा हिशेब सांगण्याचीही गरज नाही, कारण प्रयोगात एकेक बदल केला की जुने उत्तर आपोआप कोसळते. एका मेणबत्तीऐवजी तीन लावाव्यात. पेला तोच, म्हणजे आतील ऑक्सिजनही साधारण तेवढाच. तरीही पाणी बरेच अधिक चढते. बशीतल्या पाण्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे, म्हणजे कडेखालून निसटणारी हवा फेसाच्या रूपाने डोळ्यांना दिसते. त्यानंतर मेणबत्ती पूर्णपणे वगळावी: पेला गरम पाण्याने चांगला तापवून घ्यावा, पाणी ओतून टाकावे आणि तो लगेच बशीतल्या गार पाण्यात पालथा घालावा. ज्योत नाही, ऑक्सिजन वापरला गेलेला नाही, आणि पाणी चढते. बाटलीत पेटता कागद टाकून तोंडावर ठेवलेले सोललेले उकडलेले अंडे आपोआप आत शिरण्याच्या प्रयोगालाही हेच ऑक्सिजनचे उत्तर चिकटवले जाते. तेथेही सुरुवातीला अंडे बाटलीच्या तोंडावर थरथरते, ते गरम हवा बाहेर पडत असल्यामुळे, आणि ही थरथर स्पष्टीकरणात सहसा येतच नाही.

दुसरा प्रयोग पाण्याने भरलेल्या पेल्याचा. पेल्यावर जाड कागद ठेवून तो पालथा केला की कागद पडत नाही आणि पाणी सांडत नाही. येथे हवेचा दाब हे उत्तर बरोबर आहे आणि त्याचे आकडे मुलांना सांगावेत असेच आहेत. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो वजनाइतका असतो. पेल्याचे तोंड ७ सेंटीमीटर व्यासाचे आणि पाण्याची उंची १० सेंटीमीटर धरली तर पाण्याचे वजन ४०० ग्रॅमही भरत नाही, आणि कागदाला खालून मिळणारा हवेचा रेटा मात्र ४० किलोंच्या जवळपास असतो. घोटाळा आहे तो ‘पेल्यात हवा नसल्यामुळे’ या छापील कारणात, कारण पेला अर्धाच भरला तरी कागद टिकतो. आत हवा असते, तीही सुरुवातीला बाहेरच्याच दाबाची. मग कागद का पडत नाही? कारण तो केसभर खाली सरकतो, आतल्या हवेला किंचित अधिक जागा मिळते आणि तिचा दाब तेवढा उतरतो. ५ सेंटीमीटर उंचीचे पाणी पेलायला दाबात अर्ध्या टक्क्याची घट पुरते आणि त्यासाठी ५ सेंटीमीटर उंच हवेच्या स्तंभाने पाव मिलिमीटर वाढणे पुरेसे होते. एवढी फट पाण्याच्या पृष्ठताणामुळे सहज बंद राहते. पडताळा घ्यायचा असेल तर प्लास्टिकच्या पेल्याच्या तळाला बारीक भोक पाडून ते बोटाने बंद ठेवावे आणि पेला पालथा केल्यावर बोट काढावे. हे मोरीत करावे, कारण पाणी त्याच क्षणी खाली येते.

फुटपट्टीवर वर्तमानपत्र पसरण्याच्या प्रयोगाचीही अशीच गत आहे. त्याचे साहित्य आपण रोज घरपोच देता, म्हणून त्याचा उल्लेख करतो. टेबलाच्या कडेबाहेर थोडी येईल अशी लाकडी फुटपट्टी ठेवायची, आतल्या भागावर पान सपाट पसरायचे आणि बाहेरच्या टोकावर फटका मारायचा. पान उचलले जात नाही आणि फुटपट्टी मोडूही शकते. पानावर साडेतीन टन हवेचा भार असल्यामुळे असे होते, असे सांगितले जाते. ७० गुणिले ५० सेंटीमीटरच्या पानाचा आकडा बरोबर येतो, पण तेवढाच भार असूनही तेच पान आपण दोन बोटांनी उचलतो, कारण एरवी पानाखालची हवा त्याला तेवढ्याच जोराने वर ढकलत असते. फटका मारल्यावर पानाखाली शिरायला हवेला वेळ मिळत नाही, हे खरे मर्म आहे. टोक सावकाश दाबले तर पान निमूट उचलले जाते. तेही करून दाखवावे.

या सर्व प्रयोगांत भाषेचाही एक अडसर आहे. स्ट्रॉने आपण सरबत ‘ओढतो’, सिरिंज औषध ‘खेचते’, असे आपण बोलतो आणि त्यामुळे आत काहीतरी ओढणारे आहे अशी मुलांची समजूत पक्की होते. नवी, सुई नसलेली सिरिंज घेऊन दट्ट्या पूर्ण आत ढकलावा, टोक बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या मागे घ्यावा. १० मिलिलिटरच्या सिरिंजला घर्षण सोडून दीड ते दोन किलोंचा जोर लागतो. दट्ट्या सोडला की तो झटकन आत जातो, आणि आत तर ओढायला जवळजवळ काहीच नसते. ढकलणारी हवा बाहेर आहे, ही गोष्ट येथे हाताला कळते. बाटलीच्या झाकणातून स्ट्रॉ घालून सांधा मेणाने हवाबंद केला तर कितीही जोर लावला तरी एखाद्या घोटापलीकडे पाणी येत नाही, हेही त्याच जातीचे.

पडताळ्याचा हा आग्रह मुलांसाठी जड आहे असे कोणी म्हणेल. परंतु हवेच्या दाबाचा शोधच या मार्गाने लागला. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात पालथ्या उभ्या केलेल्या नळीतला पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर का थांबतो, हा वाद चालू असताना फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील प्युइ द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा ८ सेंटीमीटरहून अधिक उतरला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने तशीच दुसरी नळी पायथ्याशी ठेवून तिच्यावर दिवसभर एकाला लक्ष ठेवायला बसवले होते. त्या नळीतला पारा जागचा हलला नाही, म्हणून माथ्यावरचा पारा हवामानामुळे उतरला असे म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

आपणास विनंती एवढीच आहे की अशा सदरात प्रत्येक प्रयोगाखाली ‘आता एवढे बदलून पाहा’ अशी एक ओळ असावी आणि कारण त्यानंतर, शक्य तर पुढच्या अंकात, द्यावे. धोक्याची सूचनाही ठळक असावी. पाण्याची वाफ भरलेला डबा गार पाण्यात पालथा घालून चेपवण्याचा प्रयोग मोठ्यांनीच, लांब चिमट्याने करावा आणि झाकण लावलेला डबा विस्तवावर कधीही ठेवू नये. लहान मुलांसाठी प्लास्टिकची बाटली पुरते: तिच्यात गरम पाणी घालून, हलवून, ते ओतून टाकावे, झाकण घट्ट लावावे आणि बाटली नळाखाली धरावी, ती चेपते. मात्र पाणी उकळते घेऊ नये. भाजण्याचा धोका तर आहेच, शिवाय उकळत्या पाण्याने प्लास्टिक मऊ होऊन बाटली हवेच्या दाबाशिवायच आक्रसते. ती खरोखर दाबाने चेपली का, हे झाकण उघडून पाहावे. दाबाने चेपलेली बाटली हवा आत शिरताच बरीचशी पूर्ववत होते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक