सुध्यास: घराचं काम कुणाला देऊ?

प्रिय सुध्या,

आठ महिने तुला नीट दोन ओळी लिहिल्या नाहीत. पोरीच्या बारशालाही आलो नाही, फोनवर ऑडिटचं कारण सांगितलं, ते खरंच होतं, पण एक दिवस काढता आला असता. त्याचं वाईट वाटतं. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बॉर्डरवर, बाकी बरं.

आज लिहितोय कारण काल जे झालं ते घरात कुणाला सांगता येत नाहीये. कौलखेडच्या प्लॉटवर घर बांधायचं काम ज्या कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं ठरवलं होतं ना, त्याच्या दुसऱ्या एका चालू साइटवर मी काल दुपारी दोनला न सांगता गेलो. भिंतीच्या सांध्यात गाडीची किल्ली घातली तर मसाला रव्यासारखा खाली सांडला. आठवड्याची भिंत, आणि कोरडी ठाक! बिगाऱ्याला विचारलं पाणी कोण मारतं, तर म्हणे टँकर परवापासून आला नाही. सुध्या, मला तिथे एकदम काका दिसले, तुमच्या घराच्या वेळी बनियनवर हातात पाइप धरून भिंती भिजवणारे, आणि आपण दोघं बाजूला बसून हसणारे. दहा दिवस ओली पाहिजे म्हणजे पाहिजे, असं ते का भांडायचे ते काल कळलं.

अक्षय्य तृतीयेला ५०,००० टोकन देऊन बसलोय. आणि माणूस बाबांच्या ओळखीतला. बाबांनी तर सगळ्या नातेवाइकांना 3डी फोटो पाठवलेत.

तुला माहीतच आहे मला हे घर कसं हवंय. तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली राहतो आम्ही, मे महिन्यात रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तवा. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्रभर ओकत असते, कूलर बिचारा काय करणार. आणि आजोबांच्या धाब्याच्या घरात दुपारी दोनला आपण चादर घेऊन झोपायचो! तेव्हा तिथे पंखा तरी होता का? फूटभर पांढऱ्या मातीचं छत आणि दीड हाताच्या भिंती, बस. मला तेवढंच पाहिजे, आजच्या सामानात. रॅट ट्रॅप भिंत, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, वास्तुविशारद लॉरी बेकरनी केरळात किती घरं तशी बांधली, विटाही साधारण पाव भाग वाचतात. पश्चिमेला मोठा छज्जा, वर व्हेंटिलेटर, छतावर इन्सुलेशन आणि पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे बसवलेला थर. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या सरकारी ऊर्जा नियमांत, छताचा यू व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) १.२ च्या आत ठेवा म्हटलंय, आपला नुसता स्लॅब तीनच्याही वर जातो. एवढा फरक आहे बघ.

हे सगळं त्या माणसाला सांगितलं तर प्रत्येकाला "करू साहेब". रॅट ट्रॅप? करू. इन्सुलेशन? करू. एकही प्रश्न नाही! तिथेच ओळखायला पाहिजे होतं. आणि शेवटी म्हणतो, सर तीन किलोवॅट सोलर टाका, ७८,००० सबसिडी येते, घर आपोआप एनर्जी एफिशियंट. अरे सोलर मी लावणारच आहे, दिवसाला बारा-एक युनिट मिळतील, पण आधी भट्टी बांधायची आणि मग ती थंड करायला वीज बनवायची हे कुठलं शहाणपण? व्हेंटिलेटर तर त्याने नकाशातून गुपचूप काढलेच होते, म्हणे आता कोण लावतं. मला आपली अमरावतीची खोली आठवली, तू खिडकी घट्ट बंद करून कूलर लावायचास आणि मी उघडायचो. गरम हवा बाहेर पडल्याशिवाय कूलर चालत नाही हे तू अजून मान्य केलेलं नाहीस, आता कर.

दुसरे एक आहेत, बाळापूरचे मिस्त्री. साठीच्या पुढचे. नकाशा बघून पहिला प्रश्न, "पश्चिमेला बेडरूम कोणी काढली?" रॅट ट्रॅपचं म्हणाले, मी कधी केलं नाही, आधी पाच फुटांची भिंत बांधून पाहू, तुम्हाला नाही पटली तर माझ्या खर्चानं पाडतो. मला ते ऐकून कसं बरं वाटलं सांगू! पण ते फक्त लेबर रेटने घेतात, म्हणजे सिमेंटच्या पोत्याची तारीख बघण्यापासून सगळं माझ्यावर, आणि नोकरी आहे रे. बँकेला इंजिनिअरचं इस्टिमेट पाहिजे, टप्प्याटप्प्याने पैसे सोडणार, मिस्त्रींकडे कागद म्हणून एक वही आहे फक्त. बाबा म्हणतील फुकट ५०,००० बुडवले आणि ओळखही तोडली. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराचाही आधार नाही, स्वतःच्या प्लॉटवर एकटं घर बांधलं तर ते त्यात येतच नाही. म्हणजे जे काही आहे ते स्टॅम्प पेपरवरच्या करारात. जोता, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे हप्ते आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा बघून मगच द्यायचे, एवढं मी लिहून ठेवलंय. मिस्त्री सही करतील असं वाटतं, तो दुसरा मात्र ५ टक्क्यांचं नाव काढताच हसला होता.

माझा कौल मिस्त्रींकडे आहे. पण बाबांसमोर एकट्याने बोलायला नको वाटतं. तुझं ते ऐकतात, का ऐकतात देव जाणे, पण ऐकतात.

तुझी बदली झाली का? वहिनींची नोकरी तिकडे लागेल ना? पोरीचा फोटो पाठव, नाक तुझं नसलं म्हणजे मिळवली.

पुढच्या रविवारी मिस्त्री ती पाच फुटी भिंत बांधणार आहेत. ये. आणि काकांचा ओळंबा तुमच्या माळ्यावर असेल, काकूंना विचारून घेऊन ये.

तुझा,
पक्या

ता.क. टोकनचं अजून कुणाला बोललो नाही. तूही काकूंना सांगू नकोस, त्या लगेच आईला फोन करतील.