सोनू, दुखणं लपवू नकोस

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

उद्या तू महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघशील. हे पत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवतोय, टांझानियातल्या मोशीला पोचल्यावर वाच. काल जेवताना झालं ते झालं, तो विषय काढत नाही. एकच सांगतो. किलिमांजारोवर डोकं ठणकलं, मळमळलं, झोक जायला लागला, तर गाईडपासून लपवू नकोस.

तुझं जायचं ठरल्यापासून मी किलिमांजारोबद्दलच वाचतोय. आपला जोतिबा लांबून एकटा दिसतो, पण तो पन्हाळ्याच्याच रांगेतला. हा मात्र खरा एकटा. शिरा, मावेन्झी आणि किबो अशा तीन ज्वालामुखींनी माळावर रचलेला. शिरा खचला, मावेन्झीचे झिजून सुळके उरले. किबो अजून पुरता निवलेला नाही, त्याच्या विवरातून आजही गंधकाची वाफ निघते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे हे तान्हं मूल.

पायथ्याच्या उतारावर चग्गा लोकांची शेतं लागतात. वरच्या ओढ्यांचं पाणी त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाट काढून खाली आणलंय. उंच झाडांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी. तात्या असते तर तुझ्याबरोबर निघाले असते, शिखरासाठी नव्हे, ते पाट बघायला. पाण्याच्या पाळीवरून जन्मभर भांडलेला माणूस. तू त्यांच्या वतीनं नीट बघून ये.

तुमची पहिली रात्रच कळसूबाईच्या माथ्याहून कितीतरी वर आहे. कळसूबाई १६४६ मीटर, आणि तुम्हाला जायचंय ५८९५ वर. तिथं एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापाशी सुमारे ४६०० मीटरपर्यंत चढवून झोपायला बॅरांकोच्या तळावर पुन्हा खाली आणतात, ते शरीराला सवय व्हावी म्हणून. तेव्हा 'चढलेलं वाया गेलं' म्हणून चिडू नकोस. आणि त्रास वाढलाच तर त्यावर औषध एकच, खाली उतरणं.

या शिखरावर पहिल्यांदा पोचलेला जर्मन हान्स मायर १८८७ मध्ये बर्फापर्यंत जाऊन मागे फिरला होता. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या बंडात पकडला गेला. पुर्टशेलर या जोडीदाराला घेऊन तो माथ्यावर उभा राहिला तो १८८९ च्या ऑक्टोबरात, तिसऱ्या खेपेला. मागे फिरला म्हणून त्याला कुणी हिणवत नाही. त्याचं सामान वाहणाऱ्यांची नावं मात्र पुस्तकांत शोधावी लागतात. तुमचे तंबू, भांडी वाहणाऱ्यांना नावानं हाक मार, त्यांनी जेवण केलं का ते विचार.

तिथं एक झाड आहे, सेनेसिओ. ते वाळलेली पानं गाळत नाही, खोडाभोवती तशीच ठेवतं, रात्री गाभा गोठू नये म्हणून. दिवसा ऊन असलं तरी कानटोपी हाताशी असू दे, हातमोजे भिजू देऊ नकोस, पाणी पीत राहा. झालं, पुन्हा शिकवायला लागलो. राग मानू नकोस.

चैत्र यात्रेत जोतिबाला तू माझा हात सोडून पळाली होतीस. गुलालात सगळी पोरं सारखीच दिसायची. 'चांगभलं'च्या गजरात माझी हाकही कुणाला ऐकू येईना. शेवटी एका सासनकाठीखाली सापडलीस, नाचत होतीस. आईनं धपाटा घातला आणि तू म्हणालीस, 'मी हरवलो नव्हतो, पुढं आलो होतो.' ते मी अजून चारचौघांत सांगतो. गेल्या आठवड्यात तालमीतही सांगितलं, आणि माझी पोरगी आफ्रिकेला निघाली हेही.

१९१२ ते २००७ एवढ्या काळात त्या डोंगरावरचा ८५ टक्के बर्फ गेला. उरलाय तो डोळे भरून बघ. १८४८ मध्ये रेबमान नावाच्या मिशनऱ्यानं तो पाहिला, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ कसला म्हणून युरोपातल्या जाणत्यांनी त्याला खोटं पाडलं होतं.

सोनू, दुखणं गिळायची खोड आपल्या घराण्यातच आहे. आत्यानं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून पुन्हा पुन्हा तेच लिहितोय.

चटणीची पुडी आईनं डाव्या खिशात ठेवलीय. मोशीला उतरलीस की रात्री कितीही वाजता फोन कर. माथा झाला का ते नंतर सांग, आधी डोकं दुखलं होतं का ते सांग.

तुझे,
बाबा