रविवारच्या मॉडेल तुलनेसाठी इनपुट फाइल टाका

मंडळी, रविवारी सकाळी 10 वाजता ऑनलाइन बसायचंय, लातूर, नांदेड, परभणीवाले सगळेच या. पायप्सा (PyPSA) अन् ओसीमोसिस (OSeMOSYS) ही विजेचं, ऊर्जेचं नियोजन करायची दोन कॉम्प्युटर मॉडेलं, त्यांचीच तुलना करायचीय. पायप्सात आपण तासातासाचं गणित करायलोत अन् ओसीमोसिसमध्ये वर्षाचे मोजकेच टाइम स्लाइस (म्हणजे वर्षाचे पाडलेले ठरावीक तुकडे) घेतलेत, त्यामुळं सोलर-बॅटरीचे आकडे वेगळे येणारच, पण कोळशाचा भाव, डिस्काउंट रेट (पुढच्या खर्चाची आजची किंमत काढायचा दर), कृषिपंपांचा लोड सगळ्यांचा सारखा नसला तर फरक मॉडेलचा का डेटाचा हे कळायचंच नाही. स्टॅनफर्डचा एनर्जी मॉडेलिंग फोरम 1976 पासून हेच करायलाय, प्रश्न एक अन् मॉडेलं अनेक. दिवसा पंप चालवायची केस तेवढी नीट बघा, आपल्याकडं मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. फाइल शुक्रवारपर्यंत फोल्डरला टाका, प्रत्येक आकड्यापुढं युनिट लिहून.